नत्थूमामांचं नाक

तेलीबांधा, रायपूर
८ सप्टेंबर २००२

श्रीमती विनोदिनीबाई काळमेघ यांस,
श्यामराव ठोंबरे यांचा वर्ध्याच्या दिशेने नमस्कार.

फोनवर आपल्या दोघांचा आवाज चढतो, हे बारशाच्या वेळी सिद्ध झालं. म्हणून माझा शेखर आणि तुमची देवश्री या दोघांनी ठरवलं आहे की यापुढे आपण एकमेकांना पत्रच लिहावं. रेल्वेच्या माल कार्यालयात मी जन्मभर पत्रंच लिहिली. माझी हरकत नाही.

आपला नातू अभिनव पुन्हा आजारी होता. सहा महिन्यांचा होईपर्यंत पोरगं कसं गुटगुटीत होतं, तुम्ही पाहिलंच आहे. जुलैपासून कान वाहायला लागला. मग छाती भरली. औषधाने उतरतं, औषध थांबलं की पुन्हा चढतं. या खेपेला दुसऱ्यांदा न्युमोनिया झाला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. आता घरी आहे.

कारण मला माहीत आहे. रायपूर राजधानी झाल्यापासून आमच्या घरासमोरचा रस्ता चारदा खणला. एकदा रुंद करायला, एकदा नळासाठी, एकदा दुभाजकासाठी आणि एकदा दुभाजक चुकीच्या जागी बसला म्हणून. एवढी धूळ मोठ्या माणसाला सोसत नाही, ते तर लेकरू.

समता कॉलोनीतल्या डॉक्टर पद्मिनी मॅडमना मात्र धूळ पटत नाही. त्यांनी अभिनवच्या घशात बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, इसके टॉन्सिल दिखते ही नहीं. मी म्हणालो, हमारे खानदान में गला साफ ही रहता है. त्या हसल्या नाहीत. त्यांनी देवश्रीला विचारलं, तुझ्या आईच्या माहेरी कोणी मुलगा लहानपणी गेला आहे का? देवश्री म्हणाली, माहीत नाही, आईला विचारते. ते मी तिच्या वतीने विचारत आहे.

आमच्या बाजूचं मी न विचारता सांगून टाकलं. माझे आजोबा नव्वदाव्या वर्षी गेले, तेही आंब्याच्या झाडावरून पडून.

तुमच्या धाकट्या राधिकाच्या स्थळाचं काम पुढे सरकलं आहे. मंत्रालयातले माझे स्नेही पांडुरंगजी यांना पत्रिका पंसंत आहे. त्यांचा मुलगा इंजिनिअर आहे. घराणं निर्मळ हवं, एवढीच त्यांची अट आहे. मी माझ्या शब्दावर सांगितलं आहे की तसंच आहे.

आपला
श्यामराव

वर्धा
१७ सप्टेंबर २००२

आदरणीय श्यामराव यांस नमस्कार.

पत्र पोचलं. 'पसंत' मधल्या 'प' वर तुम्ही अनुस्वार दिला आहे, तो नको. शाळा सुटली तरी सवय सुटत नाही, राग मानू नये.

अभिनवबद्दल वाचून जीव कासावीस झाला. माझ्याकडे वर्ध्याला होता तोवर त्याला साधी शिंकसुद्धा आली नव्हती. रायपूरला गेला आणि सुरू झालं. यावरून मी काही म्हणत नाही. विहीणबाई कांताबाई त्याला रोज डोक्यावरून आंघोळ घालतात असं देवश्री म्हणाली. त्यावरूनही मी काही म्हणत नाही.

डॉक्टरीणबाईंना माझा निरोप सांगा. आमच्याकडे, माझ्या सासरी किंवा माहेरी, असा आजार कोणालाही नाही आणि नव्हता. घराणं निर्मळ आहे हे पांडुरंगजींना तुम्ही सांगितलंत ते योग्यच केलंत. तुमच्या आजोबांसारखं झाडावर चढणारं आमच्यात कोणी नाही, एवढाच फरक.

आपली
विनोदिनी

ता. क. अभिनवचं नाक टोचून घ्यावं. उजवीकडचं. सोन्याची बारीक वाळी घालावी. विशेष कारण नाही, आमच्याकडची हौस आहे.

तेलीबांधा, रायपूर
१४ ऑक्टोबर २००२

श्रीमती विनोदिनीबाई यांस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. मधले दिवस पुन्हा दवाखान्यात गेले. या वेळी मांडीवर जिथे इंजेक्शन दिलं होतं तिथेच गळू झालं. पद्मिनी मॅडम म्हणाल्या, एवढ्याशा सुईचं एवढं होत नसतं. रोग कोणता ते अजून सांगत नाहीत, फक्त तोच प्रश्न पुन्हा विचारतात. तुमचा निरोप मी त्यांना शब्दशः सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला, पण ज्या चेहऱ्याने लिहिला तो मला आवडला नाही.

शेखर रात्रंदिवस धावतो आहे. मंत्रालय सध्या एका जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत भरतं हे तुम्हाला माहीत आहेच. तो बसतो तिथे पूर्वी खाटा होत्या. परवा म्हणाला, बाबा, मी हॉस्पिटलमधून हॉस्पिटलमध्येच जाऊन राहिलो.

आता तुमच्या ताज्या कलमाबद्दल. अभिनव मुलगा आहे. मुलाचं नाक टोचायची कसली हौस? मी 'नाही' लिहून पत्र बंद करणार होतो, पण कांताबाईने तुमचं पत्र आधीच वाचलं होतं. ती म्हणाली, "काहून नाही टोचायचं? पोट्ट्याचं भलं झालं तर तुमचं काय जाते?" मी म्हणालो, आपल्या पाऱ्यातले, म्हणजे तुमच्याकडच्या भाषेत आळीतले, लोक हसतील. ती म्हणाली, लोक तुम्हाला तसेही हसतात.

तेव्हा ठरलं आहे. दिवाळी आणि राज्योत्सवाचा गोंधळ संपला की, २५ नोव्हेंबरला सकाळी अकराचा मुहूर्त. सदर बाजारातला सोनार घरी येईल.

एक आठवलं. लग्नात मागच्या रांगेत नाकात वाळी घातलेले एक गृहस्थ बसले होते. दंडारीच्या खेळात बायकांची कामं करत असतील असं मला वाटलं होतं. शेखर म्हणतो, ते तुमचे बंधू नत्थूमामा. त्यांचं नाक काहून टोचलं होतं?

आपला
श्यामराव

वर्धा
२५ ऑक्टोबर २००२

आदरणीय श्यामराव यांस नमस्कार.

गळवाचं वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. मुहूर्त अलीकडे घेता आला तर घ्यावा.

नत्थूचं म्हणाल तर आमच्या आईला मुलीची फार हौस होती. मी एकटीच मुलगी, म्हणून तिने धाकट्याचं नाक टोचून हौस भागवली. देवश्रीलाही हे लहानपणापासून माहीत आहे. यापलीकडे त्यात काही नाही.

वाळी मी ओळखीच्या माणसाबरोबर पाठवते आहे. ही नत्थूच्या लहानपणीची आहे, नवी करू नये. नत्थूला मात्र बोलावू नका. आर्वीला त्याचा पानठेला आहे, तो सोडून त्याला निघता येत नाही आणि प्रवास सोसत नाही. शिवाय तो बोलतो फार. त्याचं बोलणं मनावर घेण्यासारखं नसतं.

राधिकाची साडी तिकडच्या पंडरी बाजारातून घ्यावी असं देवश्री म्हणते. ठोकात स्वस्त पडते म्हणे. पांडुरंगजींकडच्या मंडळींना कोणता रंग चालतो तेवढं विचारून ठेवावं.

आपली
विनोदिनी

आर्वी
१० नोव्हेंबर २००२

श्यामरावजी यांले नत्थू सरोदेचा रामराम.

कांताबाईची चिठ्ठी भेटली. वाचून छाती फुगली. आमची बहीण मले लग्नात बलावते थे मागच्या रांगेत बसाले, अन् वरून म्हणते तोंड उघडू नोको. तुमी मले पाहुणा म्हणून बलावलं. मी येऊन राहिलो.

माह्या नाकाची इकडे लय कीर्ती हाये. दूरदूरचे लोक लेकरं घेऊन ठेल्यावर येतेत अन् माह्या वाळीले हात लावून जातेत. मी पैसा घेत नाही. पान खाऊन जातेत थे येगळं.

माहं नाक काहून टोचलं थे तुमी इचारलं असं कांताबाईनं लिवलं. थे कार्डावर मावत नाही. आल्यावर सांगतो. प्रवास मले चांगला सोसते, खिडकी पायजे फक्त.

तुमचा
नत्थू

तेलीबांधा, रायपूर
२७ नोव्हेंबर २००२

श्रीमती विनोदिनीबाई यांस,

आज नमस्कार घातलेला नाही, याची नोंद घ्यावी.

नत्थूमामा २४ तारखेला आले. मी बोलावलं नव्हतं, कांताबाईने बोलावलं. येताच त्यांनी अंगणात खुर्ची मागून घेतली आणि शेजारपाजारच्यांना नाक दाखवत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अभिनवला ताप भरला. अंग विस्तवासारखं. देवश्री म्हणाली, आधी डॉक्टर, मग सोनार. कांताबाई म्हणाली, अकराच्या आत परत या. नत्थूमामा म्हणाले, मॅडमची परवानगी मी काढून देतो, आणि रिक्षात आमच्या आधी जाऊन बसले. सोनार घरी ओसरीवर सुई तापवत राहिला.

दवाखान्यात मॅडमनी अभिनवला तपासलं आणि मान वर केली तर समोर वाळी. त्यांनी विचारलं, ये किसलिए पहनते हैं आप? आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या डॉक्टरने विचारलं असावं. मामांनी पटका सारखा केला. मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं देतो, म्हणजे पुढे वाद नको.

"मॅडम, मेरे पहले चार भाई हुए. चारों लड़के. दाँत आने तक गुब्बारे जैसे रहते थे. फिर कान बहता, छाती भरती, और गए. बहन सबसे बड़ी, उसको छींक भी नहीं आई. मौत लड़का ढूँढते आती थी ना. तो दाई बोली, इसकी नाक टोचो, फ्रॉक पहनाओ. मौत आई, देखी, लड़की है, वापस गई. नाक में नथ, इसलिए मैं नत्थू."

मॅडमनी पेन उघडलं. विचारलं, "और आपकी माँ के भाई?"

"उनका भी एक ही बचा," मामा म्हणाले. "उसका नाम भी नत्थू."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्या देवश्रीकडे पाहून हळू म्हणाल्या, हे मी सप्टेंबरमध्ये विचारलं होतं.

त्यांनी जे सांगितलं ते असं. मुलग्यांना होणारा आणि आईकडून येणारा एक दोष असतो. आईला स्वतःला काही होत नाही. अशा मुलाचं रक्त रोगाशी लढूच शकत नाही, म्हणून साधं दुखणं जिवावर येतं. तोच हा असावा. रक्त तपासायला मुंबईला पाठवलं आहे. आणि नाक टोचायचं तर नावसुद्धा काढू नका, मांडीवरची सुई विसरलात का, असं म्हणाल्या. घरी जाऊन मी सोनाराला परत पाठवलं. नत्थूमामा रुसून पाठमोरे बसले. बायांनी अंगण भरलं होतं, त्यांना आता काय सांगायचं, हा त्यांचा प्रश्न.

विनोदिनीबाई, नत्थू हे नाव ऐकल्यावर मलाच कळायला हवं होतं. पण आमच्या गोदामात तीन नत्थूलाल होते, एकालाही मी कारण विचारलं नाही. तुम्हाला मात्र मी कारण विचारलं होतं, तेही लेखी. दोष तुमच्या बाजूचा निघाला. पांडुरंगजींना मी माझ्या शब्दावर घराणं निर्मळ सांगितलं आहे. त्यांना अजून काही बोललेलो नाही. काय बोलावं, ते तुम्हीच लिहून पाठवा.

श्यामराव

वर्धा
५ डिसेंबर २००२

श्यामराव यांस,

तुम्ही मला विचारलं होतं, असा आजार आहे का. आमच्याकडे आजार नव्हता. आजाराला नाव असतं, औषध असतं, शेजारी विचारपूस करायला येतात. आमच्याकडे मुलगे टिकत नव्हते. या दोन गोष्टी आमच्या घरात वेगळ्या धरत. आजारी आहे असं ओसरीवर सांगायचे. टिकत नाही असं स्वयंपाकघरात बोलायचे, तेही भांड्यांचा आवाज होत असताना.

माझ्या सासरी हे कधी कळलं नाही. देवश्रीच्या वेळी मुलगी झाली म्हणून सासू हिरमुसली, आणि मी खाटेवर पडून देवाचे आभार मानले. राधिकाच्या वेळी पुन्हा मानले. त्या दोघींना मी वाढवलं ते तुमच्या घराण्याला विचारून नाही. अभिनव झाला तेव्हा पेढे मीच वाटले, आणि त्याच रात्री वाळी शोधून काढली. मला जो उपाय माहीत होता तो मी तुम्हाला लिहिला. तुम्ही त्याला हौस समजलात, कारण मीच तसं लिहिलं होतं.

पांडुरंगजींना काय सांगायचं ते तुमच्या हातात आहे. मी विनंती करणार नाही. शाळेतल्या मुलांना हात जोडायला शिकवलं, मला स्वतःला ते जमलं नाही.

मुंबईचा निकाल काय आला, अभिनवचा ताप उतरला का, एवढं एका ओळीत कळवावं. बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल.

विनोदिनी

रायपूर
२ जानेवारी २००३

प्रिय आई,

एका ओळीत तुला महिनाभर कोणीच कळवलं नाही, कारण ओळ लिहायला घरी कोणी नव्हतं. निकाल येण्याआधीच अभिनवची छाती पुन्हा भरली. तो मोठ्या दवाखान्यात काचेच्या खोलीत होता. एका रात्री डॉक्टरांनी शेखरला बाजूला नेलं. परत आला तेव्हा तो माझ्याकडे न बघता चप्पल सरळ करत बसला. तुला बोलावलं नाही, कारण तू आली असतीस आणि मला तुझ्याशी भांडावं लागलं असतं. तेवढं बळ नव्हतं.

तो वाचला. काल घरी आला आणि सासूबाईंचा चष्मा ओढला.

मुंबईचा निकाल आला. पद्मिनी मॅडमचा अंदाज बरोबर निघाला. रोगाशी लढणारं जे द्रव्य आपल्या रक्तात असतं, ते बनवणाऱ्या पेशीच त्याच्या अंगात तयार होत नाहीत. मॅडम समजावत होत्या तर शेखर म्हणाला, "समझ गया मॅडम, पद मंजूर हैं, भर्ती नहीं हुई." त्या महिन्यात पहिल्यांदा मी हसले. उपाय असा की दर महिन्याला दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं ते द्रव्य सलाइनसारखं चढवायचं. शेखर त्याला प्रतिनियुक्ती म्हणतो. बाहेरची माणसं महिनाभर येऊन काम करतात आणि जातात, मग पुन्हा नवी मागवायची. जन्मभर. पहिल्या बाटलीनंतर आठ दिवसांत त्याचा कान कोरडा पडला. वाळीशिवाय.

आई, सहा महिने तो चांगला होता, ते माझ्या रक्तातलं द्रव्य त्याच्या अंगात होतं म्हणून. पोटात असताना त्याने माझ्याकडून शिदोरी नेली होती. ती संपली आणि तो उघडा पडला. तुझ्या भावांचंही तसंच झालं असणार. आजीच्या शिदोरीवर ते दात येईपर्यंत गुब्बारे होते.

निकालात मला 'वाहक' लिहिलं आहे. सासूबाईंनी विचारलं, ही तर शाळेत शिकवते, हिला कंडक्टर काहून लिहिलं? मी समजावून सांगितलं. मग त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

राधिकाही वाहक असू शकते, नसूही शकते. मी तिला सगळं सांगितलं आहे. तुला न विचारता. ती इथे मदतीला येते आहे, आणि पांडुरंगजींकडे काय सांगायचं ते ती स्वतःच सांगणार म्हणते. सासऱ्यांना मी तोपर्यंत गप्प राहायला सांगितलं आहे. तेही राहिले आहेत, त्यांच्या मानाने.

मॅडमना आपल्या घरचा पूर्ण तक्ता हवा आहे. मुलगी झाली की गोल, मुलगा झाला की चौकोन, गेलेल्या मुलाच्या चौकोनावर रेघ. त्यांना फक्त आकडा पुरतो. मला नावं हवी आहेत. तुझ्या चार भावांची नावं मला माहीत नाहीत आई. तू त्यांना खेळवलं असशील ना?

तुझी
देवश्री

तेलीबांधा, रायपूर
२० फेब्रुवारी २००३

श्रीमती विनोदिनीबाई यांस श्यामरावचा नमस्कार. मागचा राहिलेलाही यातच धरावा.

अभिनवची तिसरी बाटली परवा झाली. आता भिंतीला धरून उभा राहतो आणि दुभाजकाचं काम पाहतो. ते अजून चालू आहे.

प्रथम पांडुरंगजींचं. राधिका स्वतः गेली, मी फक्त सोबत होतो. तिने न घाबरता सगळं सांगितलं. मला मुलगा झाला तर असा होऊ शकतो, आज तपासून नक्की सांगता येत नाही, औषध जन्मभराचं आहे. पांडुरंगजी गंभीर झाले. मला वाटलं, आता माझ्या शब्दाचं बारावं होणार. पण त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "एवढंच ना? मग नाक टोचून टाकू. तुमच्या मामांचं ऐकलं आहे आम्ही." मी मुलाकडे पाहिलं. इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "मम्मी ठीक कह रही है."

राधिका उठली. म्हणाली, "मले नाही जमणार." चहा अर्धा राहिला. परतताना रिक्षात ती म्हणाली, आजाराला भिऊन नाही म्हणाले असते तर राग आला नसता. त्या घरी मुलगी द्यायला मीच निघालो होतो. पंडरीतून आणलेली साडी ती देवश्रीच्या शाळेच्या कार्यक्रमाला नेसली. चांगली दिसत होती.

दुसरं. मॅडम म्हणाल्या की त्यांच्या पाहण्यात या राज्यात असं निदान झालेला हा पहिलाच मुलगा आहे. पूर्वी झाले असतील, कोणी ओळखले नसतील, असंही म्हणाल्या, पण तो भाग मी पुढे सांगत नाही. इथे सध्या सगळ्याचंच उद्घाटन चालू आहे, त्यात हेही चालून जातं. पाऱ्यात लोक विचारतात, तेव्हा मी रोगाचं नाव न अडखळता सांगतो. आमच्या घराण्यात यापूर्वी पहिला कोणी आला नव्हता.

घराण्यावरून आठवलं. कांताबाईने मॅडमना विचारलं, बाटलीत रक्त कोणाचं असतं? मॅडम म्हणाल्या, एका बाटलीत हजारो लोकांचं. कोणत्या गावचे, कोणत्या जातीचे, काही सांगता येत नाही. कांताबाई घरी आल्यावर माझ्याकडे पाहत राहिली. दर महिन्याला हजारो अनोळखी घराणी येऊन माझ्या नातवाला उभं करतात. माझे नव्वदीचे आजोबा त्यात कुठेच नाहीत. दोष कोणाच्या बाजूचा, हे मी लिहिलं होतं. ते वाक्य खोडलेलं समजावं.

नत्थूमामा माघारी गेले ते रागातच. मॅडमनी त्यांना समजावलं होतं की आईकडून दोष येण्याची शक्यता निम्मी असते, तुमच्या वेळी नाणं सुलटं पडलं. ते म्हणाले, पन्नास वर्षं मी नाकात सोनं वागवलं आणि तुम्ही म्हणता चार आण्याचं नाणं. पण आर्वीहून त्यांचं कार्ड आलं आहे. ठेल्यावर कोणी कान वाहणारं लेकरू आणलं की आता वाळीला हात लावू देतात आणि मग म्हणतात, रायपूरच्या मॅडमकडे जाऊन रक्त तपासा. पान खाऊनच जातात म्हणे.

मॅडमच्या तक्त्यात तुमच्या भावांचे चौकोन अजून रिकामे आहेत. देवश्री रोज डाक पाहते. उशीर झाला तरी हरकत नाही, पण लिहावं.

आपला
श्यामराव

वर्धा
२ मार्च २००३

आदरणीय श्यामराव यांस नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. या वेळी एकही अनुस्वार खटकला नाही. की मी पाहिलाच नाही, कोण जाणे.

राधिका उठून आली ते बरं झालं. मी असते तर तिला बसवलं असतं.

पुढचा मजकूर देवश्रीला वाचून दाखवावा. तिला वेगळं लिहायला घेतलं होतं, जमलं नाही. तुम्हाला लिहायची सवय झाली आहे.

पहिला शंकर. मी तेव्हा इतकी लहान होते की त्याचं रडणं आठवतं, चेहरा आठवत नाही. दुसरा दौलत. तो माझ्या कडेवर असायचा, माझी वेणी तोंडात घालायचा. तिसरा मनोहर. त्याचं नाव मी ठेवलं होतं, शाळेतल्या पुस्तकातून. त्याच्या कानात कापूस घालायचं काम माझ्याकडे होतं. मी ते नीट केलं नाही म्हणून तो गेला असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. मॅडमना विचारावं की कापसाने काही फरक पडला असता का. उत्तर नाही असेल तर कळवावं. हो असेल तरी कळवावं.

चौथ्याचं बारसं केलं नाही. नाव ठेवलं की जातो असं आईने मनात घेतलं होतं. वरच्या आळीतल्या बायका नावाचं विचारायच्या, आई पदर सारखा करत आत जायची. हाक तर मारायला लागते, म्हणून आम्ही त्याला 'अरे' म्हणायचो. बिननावाचा राहिला, तरी तो टिकला नाही. पण 'अरे' म्हटलं की वळून बघायचा आणि हसायचा. त्याला ते नावच वाटत असणार.

पाचवा नत्थू. त्याच्या चौकोनाला रेघ नाही. तो मॅडमकडे पुन्हा आला तर चौकोनाच्या कोपऱ्यात वाळी काढा म्हणून हट्ट धरेल. धरला तर काढू द्यावी, तेवढी जागा असेल.

मॅडमना आकडा पुरतो हे मी वाचलं. तरीही चौकोनांखाली नावं लिहावीत ही माझी विनंती आहे. शंकर, दौलत, मनोहर. आणि चौथ्या चौकोनाखाली 'अरे' लिहावं. कोणी विचारलं तर समजावून सांगायची गरज नाही.

आपली
विनोदिनी